स्थान ९ ते १६

मामांचा फोन सकाळी ८ वाजून ३५ मिनिटांनी आला, तेव्हाच ओळखलं की पावसाचं काहीतरी बिनसलंय. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. मामांचाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते भीमाशंकरच्या वाटेवर, तळेघरच्या बाजूच्या आपल्या वाडीत, अंगणातल्या नळकांड्यात पडलेला पाऊस रोज मोजतात आणि वहीत लिहितात. पाहुणे असोत, आवणी असो, ताप असो, साडेआठला मामा डोक्यावर इरलं घेऊन नळकांड्यापाशी हजर.

"काल तुझ्या यंत्रात १८४.४ मिलिमीटर पडला," मामा म्हणाले. "माझ्या नळकांड्यात ९२."

"मग?"

"मग काय. तुझ्याकडं जास्त पडतोय."

हे यंत्र मीच गेल्या मे महिन्यात त्यांच्या अंगणात, हिरड्याच्या झाडापासून दहा पावलांवर बसवलं होतं. साधंच आहे. वर गाळणं, खाली लहान मुलांच्या सी-सॉसारख्या आसावर दोन चिमुकल्या पळ्या. एका पळीत ०.२ मिलिमीटर पावसाचं पाणी साठलं की ती कलंडते आणि दुसरी वर येते. कलंडताना एक लोहचुंबक काचेच्या नळीतल्या पत्तीवरून जातो, पत्ती मिटते, आणि दोनअडीचशे रुपयांची एक चिप 'एक' म्हणते. गोम अशी की पत्ती मिटताना एकदाच मिटत नाही. दार आपटल्यावर कडी थरथरावी तशी ती थरथरते, आणि चिप इतकी चलाख की ती थरथरसुद्धा मोजते. एकदा मोजल्यावर थोडा वेळ कान बंद ठेव, असं तिला सांगावं लागतं. तो 'थोडा वेळ' मी ५ मिलिसेकंद ठेवला होता. हवा होता १००. सगळ्या भीमाशंकर खोऱ्यातला पाऊस दुप्पट करणारी चूक एवढीशी होती.

"एक आकडा बदलायचाय मामा. पाच मिनिटांचं काम."

बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसानं हे वाक्य उच्चारायला नको होतं. आमच्या धंद्यात पाच मिनिटं हे एकक 'आलोच' या एककासारखं आहे. घरून निघालेलाही 'आलोच' म्हणतो आणि अजून आंघोळीला जायचा असलेलाही 'आलोच'च म्हणतो.

शनिवारी पहाटे निघालो. मंचरला हमरस्ता सोडला, घोडेगाव गेलं, डिंभ्याचं पाणी उजवीडावीकडं दिसू-लपू लागलं आणि पोखरीचा घाट चढेपर्यंत गाडीच्या काचेपलीकडं फक्त पांढरं उरलं. जुलैतलं भीमाशंकर बघायला मिळत नाही, ते अंगाला लागतं. आणखी एक गोष्ट या वाटेवर दर वेळी मनात येतेच. याच तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा माळीणवर आला आणि गावातली दीडशेच्या आसपास माणसं गेली. मामांची वही त्याआधीची, पण त्यानंतर वाडीत कुणी त्या वहीला हसत नाही. रात्रीच्या पावसाचा आकडा झोपेतसुद्धा कुणीतरी मोजत राहावा, म्हणून यंत्र हवं होतं. तेव्हा आकडा दुप्पट असणं हा काही नुसता विनोद नव्हता. पुढचं सगळं मात्र विनोदच झालं.

माझा ऑफिसचा लॅपटॉप या कामाचा नाही. त्याला नुसती वायर दाखवली तरी सुरक्षा विभागाचा फोन येतो. ज्या घरच्या लॅपटॉपवर यंत्राचा प्रोग्रॅम लिहिला, तो मुलगा होस्टेलला घेऊन गेला. उरला मामांचा. दुकानदाराकडून घेतलेला, त्यावर कव्हर, कव्हरवर रुमाल, रुमालावर झेंडूची वाळलेली पाकळी. उघडला की पडद्यावर खातेदाराचं नाव येतं: भीमाशंकर प्रसन्न.

"दुकानदार म्हणाला, नाव काय टाकू? म्हटलं, देवाचं टाक. ट्रॅक्टरवर टाकतो, लग्नपत्रिकेवर टाकतो, मग यावर का नको? 'श्री' पण सांगितला होता, तो बसेना म्हणाला."

मी उगाच मोजून पाहिलं. विंडोजमध्ये अशा खात्याच्या नावाला २० अक्षरांची मर्यादा असते. आपण म्हणू, 'श्री भीमाशंकर प्रसन्न' ही काही २० अक्षरं नाहीत. पण संगणकाच्या हजेरीपटावर काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षराचा हलन्त, मधली मोकळी जागा, सगळ्यांची वेगळी हजेरी लागते. एकट्या 'श्री'चेच चार. एकूण भरतात २१. एका जागेसाठी 'श्री' दाराबाहेर राहिला.

तेव्हा मला हे गमतीचं वाटलं. दुकानदारानं माझ्यासाठी सुरुंग पेरून ठेवलाय, हे कळायला संध्याकाळ झाली.

आधी सामान उतरवायचं होतं. आकडा एक बदलायचा, पण तो बदलणाऱ्या सेटिंगच्या खिडकीसाठी, म्हणजे कॉन्फिगरेशन एडिटरसाठी, त्याखाली कंपायलर, त्याखाली पायथन आणि त्यांचे सगळे भाऊबंद लागतात. एक जीबीच्या वरचा ऐवज. वाडीत रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीशी, तीही टाकीच्या दक्षिण अंगाला. मामांनी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी वेळूच्या काठीला बांधली आणि काठी टाकीच्या शिडीत खोवली. लॅपटॉप खाली सायकलच्या शेडमध्ये. येणारीजाणारी माणसं थांबून विचारायची, "गुरुजी, काय लावलंय?"

"भाचा काहीतरी उतरवून घेतोय वरनं."

९७ टक्क्यांवर वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून. दुपारच्या जेवणाला मामीनं खेकड्यांचा रस्सा केला होता म्हणून माझा तोल राहिला.

चार वाजता सगळं उतरलं, एडिटर उघडण्याचं बटण दाबलं, आणि पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला. मामा खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि पाऊस बघावा तसे त्या गोलाकडं बघत राहिले.

"हे काय करतंय?"

आता हे कसं सांगावं! हा एडिटर स्वतः काहीच करत नाही. तो मागच्या खोलीत पायथनचा एक चाकर उठवतो आणि त्याला विचारतो, बाबा रे, सेटिंग कोणकोणती आहेत? चाकर यादी वाचून सांगतो, एडिटर ती पडद्यावर मांडतो. पण चाकर कुठल्या खोलीत झोपलाय, हेही एक सेटिंगच. ते चुकलं असेल तर दुरुस्त करायला सेटिंगची खिडकी हवी. आणि ती खिडकी चाकर उठल्याशिवाय उघडत नाही.

"म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप," मामा म्हणाले. मी अर्धा तास रेखाटायला घेतलेली आकृती पुसून टाकली.

या यादीलाही इतिहास आहे. लिनक्सचं अंतरंग जुळवताना हजारो प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. ते प्रश्न नीट मांडायला एरिक रेमंड या नावाजलेल्या गृहस्थांनी नवी पद्धत लिहिली, पण ती पायथनमध्ये होती, आणि एवढ्याशा कामाला आणखी एक भाषा घरात कशाला, म्हणून बरीच भांडणं झाली. शेवटी २००२ मध्ये रोमन झिपेल यांची पायथनविना चालणारी साधी पद्धत आत घेतली गेली. केकॉन्फिग तिचं नाव. आज छोट्या चिपांच्या दुनियेतही तीच यादी चालते, फक्त माझ्यासमोरचा एडिटर ती वाचत होता पायथनकडून. जो नको म्हणून एवढी भांडणं झाली, तोच मागच्या दारानं आला होता, आणि वाडीत येऊन नेमका तोच अडला होता.

मागच्या खोलीतली कुरकुर ऐकायची सोय असते. ती काळी चौकट उघडली. आत तांबड्या अक्षरांच्या पंचवीस ओळी. अशा वेळी वरच्या चोवीस सोडून शेवटची वाचायची, हे आमचं गुपित. शेवटच्या ओळीचा मराठीत अर्थ असा: अक्षरं लिहिता येत नाहीत, स्थान ९ ते १६.

"कुठलं स्थान?" मामा सावरून बसले. निवृत्त मास्तरांसमोर 'अक्षरं लिहिता येत नाहीत' असं कुणी म्हणावं, मग तो पायथन का असेना!

ज्या फोल्डरात हे सगळं सामान ठेवलंय त्याचा पत्ता मी त्यांना दाखवला. सी, विसर्गासारखे दोन ठिपके, उलटी तिरकी रेघ, मग 'यूझर्स' ही इंग्रजी पाच अक्षरं, पुन्हा तिरकी रेघ, मग भीमाशंकर प्रसन्न. मामांनी खिशातलं पेन काढलं आणि टोकानं पडद्यावर एकेक अक्षर मोजायला लागले.

"शून्यापासून मोजा," मी म्हटलं.

"शून्यापासून? मग पहिल्या मुलाचा हजेरी नंबर शून्य?"

"हो."

"पोरं ऐकतात?"

मामांनी हे न पटताही चालवून घेतलं. सी शून्य. ठिपके एक. रेघ दोन. तीन, चार, पाच, सहा, सात. रेघ आठ. "भ नऊ," ते म्हणाले आणि थांबले. मग सावकाश: "दीर्घ वेलांटी दहा, म अकरा, काना बारा, श तेरा, अनुस्वार चौदा, क पंधरा, र सोळा." पेनाचं टोक 'र'वर टेकलं होतं. ओसरीवर पागोळ्यांशिवाय आवाज नव्हता.

"म्हणजे हे म्हणतंय, मला भीमाशंकर लिहिता येत नाही."

मी बावीस वर्षांत एवढी अचूक तपासणी पाहिलेली नाही. आमच्याकडं यासाठी चार माणसांची बैठक होते आणि पुढची तारीख पडते.

मामांना खरा धक्का पुढं बसला. ते म्हणाले, आपली अक्षरं संगणकात नवी असतील. नवी कुठली! भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये आलं, पुण्याच्या सी-डॅकमधल्या लोकांनी त्यासाठी रक्त आटवलं. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र वाडा मिळाला. तीस वर्षांहून अधिक काळ भ तिथं राहतोय, वीज-पाणी सगळं आहे. पण जुनी वहिवाट म्हणून काही प्रोग्रॅम अजूनही पश्चिम युरोपातल्या अक्षरांचाच तक्ता भिंतीवर लावून बसतात. त्या तक्त्यात जे नाही ते त्यांच्या लेखी जगातच नाही.

विंडोजमध्ये यावर एक उपाय आहे. खोल आतल्या एका चौकटीत, जगभरच्या भाषांसाठी युनिकोड वापरा, अशी खूण करायची जागा आहे. तिच्यापुढं कैक वर्षं 'बीटा' असं लिहिलंय. जगभरच्या भाषा अजून चाचणीवर आहेत म्हणायच्या. खूण केली, लॅपटॉप बंद करून चालू केला, बटण दाबलं. गोल फिरला. काळ्या चौकटीत या वेळी एकच ओळ आली, आणि तिच्यात स्वच्छ, ठसठशीत देवनागरीत भीमाशंकर लिहिलेलं! मामांनी नकळत हात जोडले.

मी मात्र ओळ पुढं वाचली. 'भीमाशंकर' नावाचा कुठला आदेश वा प्रोग्रॅम सापडत नाही, असं तिचं म्हणणं. पत्ता तिथंच तुटला होता. मोकळी जागा दिसली की हे प्रोग्रॅम समजतात, वाक्य संपलं. मोकळ्या जागेपुढचा 'प्रसन्न' गळून पडला होता.

"काय झालं आता?" मामीनं आतून विचारलं.

मामा म्हणाले, "भीमाशंकर आहे. प्रसन्न नाही."

नाव बदलू म्हणालात तर तेही नाही. खात्याचं नाव बदललं तरी मागचं फोल्डर जन्मनावानंच राहतं, लग्न होऊन तीस वर्षं झालेल्या आत्याचं नाव सातबाऱ्यावर माहेरचंच असावं तसं. नवं खातं उघडायचं मी सुचवलं. 'एबीसी' वगैरे नावाचं. मामांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मी ते वाक्य मागं घेतलं.

"अरे, पण तो आकडा कुठंतरी लिहिलेला असेलच की. वहीतला खोडतो तसा हातानं नाही खोडता येत?"

येतो! सगळी सेटिंग शेवटी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात, ओळीला एक. पण त्या फाइलीच्या डोक्यावरच इंग्रजीत बजावलेलं असतं: ही आपोआप तयार होते, हात लावू नये. आणि लावला असता तरी तो आकडा चिपमध्ये उतरवायला मागचा चाकर लागणारच होता. मामा खिन्न झाले. त्यांच्या वहीवर असं काही लिहिलेलं नाही. उलट खाडाखोड केली तर शेजारी सही करायची, असा त्यांचा दंडक आहे.

रात्री जेवताना त्यांनी मला खोडदची आठवण दिली. नोकरीत असताना २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ते पोरांना घेऊन जुन्नर तालुक्यातल्या त्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रदर्शनाला जात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, आकाशगंगेपलीकडची कुजबुज ऐकत उभ्या. "तिकडं तीस तबकड्या एका सुरात लावल्यात लोकांनी," ते म्हणाले, "आणि तुला अंगणातला एक डबा ऐकू येईना." मग भाकरीचा तुकडा मोडून पुढं, "वसईची घंटा बघ. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली, तिथली पोर्तुगिजांची घंटा उचलून इथं आपल्या देवळाला दिली. चर्चची घंटा, शंकराचं देऊळ. बांधली आणि वाजली. कुठली सेटिंग केली होती तिला?"

यावर उत्तर नव्हतं. मी रश्शात बघत राहिलो.

उपाय मामीनं सांगितला. म्हणजे तिला वाटलं, ती वेगळंच काही सांगतेय. सकाळी मी लॅपटॉप घेऊन बसलो आणि आत देवघरापाशी आवणीची अवजारं पडलेली दिसली, तशी ती मामांवर ओरडली, "अहो, देवापाशी कशाला चिखलाचं सामान? देव आत राहू द्या, अवजारं ओसरीवर काढा!"

मी उडालोच. खातं तेच राहू दे. 'भीमाशंकर प्रसन्न' आपल्या जागी, मामांचे फोटो, पेन्शनचे कागद सगळं आत. चिपचं सामान तेवढं त्या पत्त्याच्या बाहेर, सी ड्राइव्हच्या थेट दारात, नव्या फोल्डरात. ना मोकळी जागा, ना काना. फोल्डरला नाव दिलं 'ओसरी', नाइलाजानं इंग्रजी अक्षरांत. मामांना ते पटलं. देव हलवायचा नव्हता, नांगर हलवायला त्यांची हरकत नव्हती.

सामान हलवलं. गोल फिरला. तांबड्या ओळी आल्या.

जुन्या जागेवर एकदा अर्धवट शिजवलेलं सगळं नव्या जागेत तसंच आलं होतं, आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात जुना पत्ता लिहिलेला. मामीला विचारलं असतं तर एका वाक्यात सुटलं असतं, शिळं खाली ठेवून वर ताजं घातलं की आंबणारच. मला शोधायला पावणेदोन तास लागले. शिळं फोल्डर पुसलं आणि एडिटर उघडला. पाऊण क्षण गोल फिरला, मग खिडकीत यादी येऊन उभी राहिली. मामा म्हणाले, "आता कुठं?"

ही यादी वाचणं हाही एक सोहळा आहे. एखादी ओळ दिसतच नाही, कारण तिच्याआधी दुसरी एक चालू करायची असते, आणि तिच्याआधी तिसरी. उत्पन्नाचा दाखला हवा तर रहिवासी दाखला जोडा, रहिवासी हवा तर वीजबिल जोडा, अगदी त्या चालीवर. लिनक्सच्या मूळ यादीत तर कित्येक प्रश्नांखाली मदत म्हणून एकच सल्ला आहे: खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. मामांना तो इतका आवडला की त्यांनी तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला आणि संध्याकाळी वर्गणी मागायला आलेल्या दोन पोरांवर वापरला.

आकडा सापडला. ५ खोडून १०० केला. सही करू का, असं मामांना विचारलं, ते हसले नाहीत. साठवलं, चिपमध्ये उतरवलं. आकडा बदलायला आठ सेकंद लागली, मामांच्या घड्याळावर.

सोमवारी रजा टाकली. साडेआठला आम्ही दोघं अंगणात. नळकांड्यात ६१. यंत्रात ६१.४. मामांनी दोन्ही आकडे लिहिले, खाली रेघ मारली आणि मला चहा सांगितला. मी भरून पावलो.

दुपारी पाऊस उघडला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ऊन पडलं, खाचरांतून वाफ निघायला लागली. मी पिशवी भरत होतो. तेवढ्यात मामांच्या फोनवर यंत्राचा निरोप आला: गेल्या दोन मिनिटांत ७ मिलिमीटर. आम्ही वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं निळं. पुन्हा निरोप: ८.६.

धावत अंगणात आलो. हिरड्यावरून उतरलेलं एक मोठं वानर यंत्राच्या खांबावर बसलं होतं, गाळण्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरून, आणि ते जोरजोरानं हलवून आत काय आहे ते बघत होतं. शेपूट खाली लोंबत होती. पळ्या टकटक, टकटक कलंडत होत्या.

"याचं सेटिंग कुठं आहे?" मामांनी विचारलं.

मी काही बोललो नाही. मामांनी वानराला हाकललं नाही. खिशातलं पेन काढलं, ओसरीवरची वही आणली, आणि यंत्राच्या रकान्यात नीट लिहिलं: दुपारी २.१०, ८.६ मि.मी. मग शेजारच्या 'शेरा' या रकान्यात: वानर. आणि खाली सही केली.